विणायच्या सुया घेताना नुसता नंबर बघू नका, मिमी विचारा

लातूरच्या ताई, तुमची पोस्ट वाचली अन् मला माझंच जुनं दुखणं आठवलं. चौदा इंची अ‍ॅल्युमिनियमच्या सुयांनी मनगट दुखायलंय, टाके घट्ट बसायलेत, म्हणून ऑनलाइन 'आठ नंबर'ची नवीन जोडी घेऊ का, असं विचारलंय तुम्ही. जरा थांबा, पेमेंट करू नका अजून.

आठ नंबर कुठला ते आधी विचारा. आपल्याकडं दुकानात चालतो तो जुना इंग्लंडचा नंबर, आठ म्हणजे ४ मिमी जाडीची सुई, दहा म्हणजे ३.२५, नंबर वाढला की सुई बारीक. अमेरिकन नंबरात उलटं, वाढला की जाड, तिथं आठ म्हणजे ५ मिमी.

मला एका ऑनलाइन दुकानानं असाच आठ नंबर दिला. पाकिटावर मिमी नाही, देश नाही, नुसता आठचा आकडा. भाचा परभणीला शिकायला, तिथली थंडी तुम्हाला माहितीच आहे, त्याच्यासाठी स्वेटर विणायला घेतला होता. पॅटर्न १० सेंमीला २२ टाक्यांचा, ११० टाके, म्हणजे पाठ ५० सेंमी यायला पाहिजे. बॉर्डर जुन्या दहा नंबरवर झकास आली, अन् अंग नव्या सुयांवर घेतलं तर पाठ साठच्या पुढं गेली, जाळीसारखी दिसायली. सासूबाई म्हणाल्या तुझा हात सैल पडलाय. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत, त्यांनी सुई नेऊन व्हर्नियरवर मोजून आणली, ५ मिमी! फोटोसकट तक्रार टाकली तर उत्तर काय, तुम्ही आठ मागवला, आठच पाठवला. परत लिहिलं तर म्हणे पाकीट उघडलंय, रिटर्न बसत नाही. अरे बाबांनो, पाकीट न उघडता सुई मोजायची कशी? तक्रार परस्पर बंद करून टाकली वर रेटिंग द्या म्हणून मेसेज. पैसे गेले ते गेले, पण सगळं उसवून लोकर अशी चुरगळली की धुवून वाळवून परत गुंडे करावे लागले.

असो. आता मनगटाचं. मी डॉक्टर नाही, बोटांना मुंग्या येत असतील तर आधी दाखवून घ्या. पण माझ्या मते लांब सरळ सुया फक्त काखेत दाबून विणणाऱ्या बायकांसाठीच. बाकीच्यांना सगळ्या स्वेटरचं वजन सुईच्या टोकाला पेलावं लागतं. गोल सुई घ्या, म्हणजे दोन आखूड सुया लवचिक केबलनं जोडलेल्या, टोक ते टोक ८० सेंमीची. सरळ पाठ-पुढाही त्यावर उलटसुलट फिरवून होतो आणि वजन मांडीवर राहतं. केबल वळलेली असेल तर गरम पाण्यात बुडवून सरळ करा. घेताना सुई अन् केबलच्या जोडावरून ओढणीचा काठ फिरवून बघा, अडकला तर टाकेही अडकणार.

बांबू चांगला असं सगळे सांगतात, मला अर्धंच पटतं. ज्यांचा हात सैल, टाके सुटतात, त्यांना बांबू. तुमचा हात घट्ट आहे, त्यात अ‍ॅक्रिलिक लोकर असेल तर बांबूवर अजूनच अडेल, तुम्हाला गुळगुळीत धातूच बरा, टोक जरा निमुळतं. फार अणकुचीदार नको, बोटानं टोक ढकलायची सवय असेल तर कातडी सोलते. एप्रिल-मेत हाताला घाम येतो तेव्हा मात्र मीही बांबूच काढते, धातूवर बोट चिकटतं. बांबूला कूस निघाली तर बारीक पॉलिश पेपर मारा, फेकू नका.

एक करा, तुमच्या लोकरीच्या लेबलावर सुईचं चित्र असतं, त्याच्याजवळ मिमी लिहिलेला असतो. तो आकडा इथं टाका, अन् दोरा उजव्या हातात धरता का डाव्या बोटावर तेही सांगा, मग कुठली घ्यायची ते बोलू.