रोटेशनच्या आधी काय वाचू? आधी विचारायला शिक

तुझा प्रश्न असा : फिजिशियन असिस्टंटचं तिसरं वर्ष संपतंय, पुढच्या महिन्यात रोटेशनला, म्हणजे पाळीपाळीने वॉर्डांत काम शिकायला, जायचंय, तर फार्माकॉलॉजीची उजळणी करू की आणखी काही? आणि डॉक्टर, नर्स यांच्यामध्ये आपण नेमके कोण?

उजळणी कर, पण जास्त वेळ हिस्टरी घेण्यात, म्हणजे पेशंटला विचारून दुखण्याची माहिती काढण्यात, आणि केस तोंडी मांडण्यात घाल. 'पेशंटला काय झालंय, थोडक्यात सांग' हे तुला राउंडला रोज विचारतील. पेपरात भरपूर मार्क पाडणारी मुलं तिथे गप्प होतात, हे मी वर्षानुवर्षं बघतेय.

तू गोव्यातल्या सत्तरी तालुक्याची, म्हणून तिथलंच उदाहरण घेते. मार्च महिना, चार दिवसांचा ताप, अंग मोडून आलंय, डोकं ठणकतंय. एवढं लिहून तू थांबलीस तर हाती काहीच नाही. काम काय करता? काजू वेचायला रानात जाता का? गोचीड चावली का? आसपास माकड मेलेलं दिसलं का? सत्तरीत २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण सापडलेत. तो गोचिडींतून पसरतो, आणि त्याचा मोसम म्हणजे नेमका काजूचा. तोच ताप जुलैत चिखलात राबणाऱ्या माणसाला आला, तर पोटऱ्या दुखतात का, डोळे लाल झालेत का, लघवी कमी झाली का, हे विचारायचं. तिथे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) डोक्यात हवा. डेंग्यू दोन्हीकडे विसरायचा नाही. 'धंदा काय?' हा प्रश्न विद्यार्थी फॉर्म भरायचा म्हणून विचारतात, याचं मला फार वाईट वाटतं. निम्मं निदान कधीकधी त्याच उत्तरात असतं.

मग मांडणी : 'पंचेचाळीस वर्षांचे गृहस्थ, काजू बागायतदार, चार दिवस ताप, कालपासून हिरड्यांतून रक्त. मधुमेह नाही. बीपी ९०/६०, तापाच्या मानाने नाडी मंद, प्लेटलेट कमी. माकडताप की डेंग्यू? दोन्हींसाठी नमुना पाठवू का?' एवढंच. घरातल्या कुणाची तरी जुनी दुखणी घेऊन असं रोज बोल, मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐक.

भाषेची तयारी वेगळी करायला नको, तू गोव्याचीच. मात्र मोठ्या इस्पितळात सावंतवाडी, दोडामार्ग, कारवारकडचेही पेशंट येतात, बांधकामावरचे मजूर हिंदी-कन्नड बोलतात. बाईच्या वतीने नवराच उत्तरं देत असेल तर त्याला दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कागदांसाठी काउंटरवर पाठव आणि तेवढ्यात तिला विचार.

आता 'आपण कोण'. आपल्या देशात हा कोर्स १९९२ साली चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये सुरू झाला, आणि २०२१च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात फिजिशियन असोसिएट (म्हणजे आपणच) हा व्यवसाय आलेला आहे. तरी वॉर्डात 'तू नर्सिंगची का?' असं विचारतीलच. न चिडता सांग : मी डॉक्टरांच्या देखरेखीखाली काम करते, हिस्टरी, तपासणी, ऑपरेशन थिएटरात मदत, डिस्चार्ज समरी, फॉलोअप. स्वतःच्या जबाबदारीवर औषध लिहून द्यायचं नाही, कुणी घाईत 'लिहून टाक' म्हटलं तरी नाही. यात सूट नको. पहिल्या दिवशी सिस्टर इन्चार्जना भेट, क्रॅश कार्ट (तातडीच्या औषधांची ढकलगाडी) कुठे असते ते बघून ठेव.

एक गोष्ट आजच कर : हिपॅटायटिस बीची लस. पूर्ण कोर्स ०, १ आणि ६ महिने असा असतो, म्हणजे राहिली असेल तर रोटेशनआधी संपणार नाही. पण सुरू तरी कर. घेतली असेल तर अँटीबॉडी टायटर (रक्तातलं अँटीबॉडींचं प्रमाण) तपासून घे. सुई टोचलीच तर जखम पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि ताबडतोब कॅज्युअल्टी गाठायची. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं पहिल्या दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. ओरडा बसेल म्हणून लपवू नकोस.

या आठवड्यात तापाची एखादी हिस्टरी लिहिलीस तर पेशंटचं नाव-गाव काढून इथे टाक. कोणते प्रश्न राहिले ते मी सांगते.