सातपुड्यातली आदिवासी खातेदाराची जमीन विकत घेऊन आपल्या शेताला जोडता येते का?

नाही, तुम्ही बिगर-आदिवासी असाल तर साधं खरेदीखत करून ती जमीन तुमच्या नावावर होणार नाही, मग ते शेत तुमच्या बांधाला लागून असो की मालक स्वतः विकायला तयार असो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 चं कलम 36 अ बघा, ते 1974 च्या दुरुस्तीने आलं, त्यात विक्री, बक्षीस, अदलाबदल सगळं येतं आणि त्यासाठी कलेक्टरची मंजुरी लागते, तीही राज्य सरकारची आधी मान्यता घेऊनच. गहाण किंवा भाडेपट्टा 5 वर्षांपर्यंतचा असेल तर कलेक्टरची मंजुरी पुरते, पण पुरते म्हणजे ती घ्यावीच लागते. धडगाव, अक्कलकुवा भागात स्टॅम्प पेपरवर लिहून घेऊन वर्षानुवर्षं कसणारे आहेत ना, त्यांच्या हातात खरं तर काहीच नसतं, नाव सातबारावर मूळ मालकाचंच आणि उद्या त्याच्या पोरांनी अर्ज टाकला की जमीन सोडावी लागते. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना आधी वाचा, बऱ्याचदा तिथेच 36 अ चा शेरा दिसतो.

आणि डोंगरउतारावरचा तो तुकडा वनहक्क पट्ट्याचा, म्हणजे कसणाऱ्याला हक्काने मिळालेल्या वनजमिनीचा निघाला तर विषयच संपला, 2006 च्या वनहक्क कायद्याने तो फक्त वारसाला जातो, विकता येतच नाही, परवानगी काढूनही नाही.

हां, तुम्ही स्वतः आदिवासी असाल तर कलम 36 लागतं, त्यात सरकारपर्यंत जावं लागत नाही पण कलेक्टरची पूर्वपरवानगी तरीही हवी.