केळीच्या इसेन्समध्ये खरं केळं असतं का, की नुसतं केमिकल? मुलांच्या केकमध्ये घालावं का?

केळं नसतं. पण ‘नुसतं केमिकल’ वाचलं आणि राहवलं नाही. याच शब्दावरून चुलत्यांशी माझा वीस वर्षांचा वाद आहे.

आमचं गाव अर्धापूरजवळ, घरची केळी. नांदेडला बीएस्सीला असताना प्रॅक्टिकलला इसेन्सला केळीचा वास देणारं आयसोअमाईल अ‍ॅसिटेट केलं. आयसोअमाईल अल्कोहोल, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, सल्फ्युरिकचे चार थेंब, परीक्षानळी गरम पाण्यात. मग सोड्याच्या पाण्यात ओतलं. फसफसलं, वर तेलकट थर आला आणि लॅबभर पिकल्या केळीचा वास सुटला. घरी दाखवायला बाटलीभर आणलं. बूच सैल होतं, बाही भिजली. तसाच शेतातल्या आखाड्यावर गेलो. बांधावर कुणी मधपेट्या ठेवल्या होत्या, काका तिथंच उभे. बाही त्यांच्या नाकाशी नेली तोच माशा उठल्या. काकांना सात डंख, एक पापणीवर. डोळा सुजून बंद झाला, तरी म्हणाले, “मुक्या जिवाला कळलं, तुला कळंना. हे इख हाय.”

तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. एमएस्सीला सापडलं. मधमाशी डंख मारते तेव्हा तिच्या डंखातून हाच पदार्थ सुटतो आणि बाकीच्या माशा त्या वासावर धावून येतात. १९६२ सालीच हे सिद्ध झालंय. माशा विषाला भ्यायल्या नव्हत्या, आपल्याच हाकेला उठल्या होत्या! माशीत, आपल्या केळीत आणि माझ्या बाटलीत रेणू एकच.

कारखान्यातही तो आभाळातून पडत नाही. त्याला लागणारं अल्कोहोल फ्युझेल ऑइलमधून मिळतं, म्हणजे उसाच्या मळीपासून स्पिरिट गाळताना निघणाऱ्या तेलातून. उसाचा गूळ चालतो, मग हे का नडतं?

इसेन्स खोटा वाटतो, कारण पिकल्या केळ्यात या एस्टरसोबत, म्हणजे अल्कोहोल आणि अ‍ॅसिड मिळून झालेल्या या पदार्थासोबत, इतर कितीतरी वास असतात, लवंगेतला युजेनॉलसुद्धा. बाटलीत बहुतेक एकट्याचाच आवाज.

केकमध्ये खाण्याच्या दर्जाचे दोन थेंब खुशाल घाला. लॅबमधलं मात्र तोंडात घालायचं नाही. शुद्ध एस्टरची वाफ ठिणगी मिळाली तर २५ अंशांनाही पेट घेते आणि आपल्याकडे मे महिन्यात घरातच त्याहून जास्त तापतं, म्हणून चुलीपासून लांब ठेवा. मधपेटी उघडायच्या आधी केळं खाऊ नका. काकांच्या त्या पापणीबद्दल मी तेव्हाच माफी मागितली. ‘इख’ मात्र मला आजही मान्य नाही.