मागी तारा पाहून आले, मग राशिभविष्य का नको?

प्रश्न : मागी, म्हणजे पूर्वेकडचे ज्योतिषी, ताऱ्यावरून बाळ येशूकडे आले. मग ख्रिस्ती माणसानं राशिभविष्य पाहिलं तर काय बिघडलं? आणि सांगितलेलं खरं ठरलं तर?

उत्तर : बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय सलग वाचा. ताऱ्यामुळे मागी यरुशलेमेला पोचले. बेथलेहेमचं नाव मात्र मीखा संदेष्ट्याच्या वचनातून कळलं. देवानं त्यांना बोलावलं, एवढ्यानं ज्योतिषाला परवानगी मिळत नाही. बायबलच्या अनुवाद या पुस्तकात (१८:१०-१२) शकुन पाहणं, मृतांना विचारणं स्पष्ट मना आहे.

तुमचा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. फिलिप्पै शहरातली भविष्य सांगणारी दासी प्रेषित पौलाबद्दल खरं तेच बोलत होती, तरीही त्यानं तिच्यातला आत्मा घालवला (प्रेषितांची कृत्ये १६:१६-१८). म्हणजे नुसता अचूकपणा पुरेसा नाही. मार्गदर्शन आपण कोणाकडे मागतो, हे पाहायचं.

राशिभविष्य सोडायचं ठरवलं असेल तर इफिस शहरातल्या विश्वासणाऱ्यांकडे पाहा. पन्नास हजार रौप्य नाण्यांचे जादूटोण्याचे ग्रंथ त्यांनी विकले नाहीत, जाळले (प्रेषितांची कृत्ये १९:१९). टॅरोचे पत्ते, पत्रिका दुसऱ्याला देऊ नका. अ‍ॅप काढण्याआधी त्याची वर्गणी बंद करा, नाहीतर पैसे कापले जात राहतात. एखाद्या भाकितामुळे लग्न किंवा नोकरी अडवली असेल, तर तो निर्णय पाळकांबरोबर प्रार्थनेत नव्यानं तपासा. जुन्या भाकिताची भीती लगेच जात नाही; ती एकट्यानं सोसू नका.