'संचारी केली' म्हणजे नेमकं काय केलं?

प्रश्न असा आहे की भरतनाट्यमच्या कार्यक्रमात नर्तकी म्हणाली 'या ओळीवर मी संचारी केलीय', तर संचारी हा भावाचा प्रकार ना, मग तो 'करतात' कसा, आणि ध्रुपदातला संचारी तो हाच का.

शब्द एकच, सम् + चर्, म्हणजे हिंडणारा फिरणारा, पण वापर तीन. नाट्यशास्त्रात स्थायी, म्हणजे टिकून राहणारे, भाव 8 आणि संचारी उर्फ व्यभिचारी भाव 33, म्हणजे शंका, दैन्य, औत्सुक्य असे येऊन जाणारे. ध्रुपदात स्थायी, अंतरा, संचारी, आभोग यातला तिसरा भाग, रवींद्रसंगीतातही तो सापडतो, पण त्याचा नाचातल्या संचारीशी संबंध धातूपुरताच.

नाचवाल्यांची संचारी ही तिसरी. गाणारा एकच ओळ पुन्हा पुन्हा गातो आणि नर्तकी दर वेळी त्या ओळीतून वेगळं काहीतरी काढते, ते करताना हे येणारे-जाणारे भाव एकामागून एक चेहऱ्यावर येतात म्हणून त्या अख्ख्या विस्तारालाच संचारी म्हणायला लागले. 'संचारी भाव' मधला भाव बोलताना गळला आणि उरलेला शब्द ईकारान्त म्हणून स्त्रीलिंगी झाला असावा असं मला वाटतं. कथकवाले याच्या जवळच्या गोष्टीला 'भाव बताना' म्हणतात, ठुमरीची एक ओळ घेऊन बसल्या जागी करतात ते.

ज्ञानदेवांची विराणी घ्या, 'पैल तो गे काऊ कोकताहे'. त्यात कावळ्याला दहीभाताची उंडी, म्हणजे गोळा, भरवीन असं वाट बघणारी विरहिणी म्हणते. आता पहिल्या वेळी नर्तकी नुसता दहीभात कालवेल, दुसऱ्या वेळी कावळा उडेल या धास्तीने पाऊल न वाजवता पुढे सरकेल, तिसऱ्या वेळी उंडी हातात तशीच आणि डोळे वाटेकडे. शब्द तेच, पण औत्सुक्य, शंका, दैन्य तिन्ही झाले बघा! मला तर अभिनयातला हा सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

आणि आजच्या नर्तकीला जुन्या कवितेत स्वतःचं काही सांगायचं असेल तर जागा इथेच आहे, कवीचा शब्द न बदलता. परदेशी गेलेल्या लेकाची वाट बघणारी आई तिने त्या ओळीत उभी केली तर मला आवडेल, फक्त त्याच विराणीत पाहुणे म्हणून पंढरीरायाचं नाव येतं, तिथे त्या आईचं काय करायचं हे तिने आधी ठरवलेलं हवं, नाहीतर ती संचारी उपरी वाटते.

पण नव्या नाचात जे जे दिसेल त्याला संचारी म्हणू नका. नृत्यरचनाकार चंद्रलेखांच्या 'शरीर' (2001) या नृत्यरचनेमध्ये गुंदेचा बंधूंचं ध्रुपद आहे, पण गोष्ट सांगणारा अभिनय नाही, सगळी भिस्त देहाच्या संथ हालचालीवर, तिथे हा शब्द लागू नाही.

तर 'संचारी केली' बरोबरच आहे, बिनधास्त म्हणा. रसचर्चेवर लिहिताना मात्र 'संचारी भाव' असं पूर्ण लिहा, म्हणजे वाचणारा गोंधळणार नाही.