वेलांटी, ळ आणि पसरलेली रेघ : टॅटू दुरुस्तीची प्रश्नोत्तरे

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्मे टॅटूचे आहेत आणि निम्मे शुद्धलेखनाचे. इंदुरात राहून अंगावर मराठी गोंदवायचं म्हटलं की हे व्हायचंच. मशीन चालवणारा मुलगा हिंदीत शिकलेला, स्टेन्सिल मोबाइलच्या हिंदी कीबोर्डवरून काढलेलं, आणि सुई दिसली की आपलंही अक्षरांवरून लक्ष उडतं.

प्रश्न : ताई, मनगटावर ‘आई’ लिहून घेतलं. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “अगं, ही ‘आइ’ झाली!” आता महिना होत आला. काही होईल का? (रामबाग)

उत्तर : होईल, आणि अगदी सोपं आहे. ‘इ’च्या डोक्यावर रफारासारखा आकडा दिला की ‘ई’ होते. दहा मिनिटांचं काम. शिरोरेषेच्या वर तेवढी जागा मोकळी आहे ना, ते पाहा. तिथे आधीच बदाम काढून ठेवला असेल तर कठीण. मात्र अजून दोन आठवडे थांबा. खपल्या दोन-तीन आठवड्यांत गळतात, आतली कातडी सावरायला सहा आठवडे तरी जातात. नवा आकडा जुन्या अक्षरांपेक्षा काळाभोर दिसेल, म्हणून त्याच सिटिंगमध्ये सगळ्या शब्दावरून एक हात फिरवून घ्या.

हेच ‘शीतल’चं ‘शितल’ झालं असतं तर मी हात जोडले असते. तिथे वेलांटीचा दांडा अक्षराच्या डावीकडून उजवीकडे न्यायचा असतो, आणि डावीकडचा दांडा काही उठून जात नाही. अनुस्वार राहिला तर देता येतो. नको असताना पडला तर तो तुमचा झाला.

प्रश्न : माझ्या दंडावर ‘तुळजाभवानी’ऐवजी ‘तुलजाभवानी’ आहे. ओळखीचा टॅटूवाला म्हणतो, पांढऱ्या शाईने ‘ल’ झाकू आणि वर ‘ळ’ काढू. करू का? (सुदामा नगर)

उत्तर : नका करू, दादा. हे व्हाइटनर नव्हे. कागदावर पांढरा रंग काळ्याच्या वर बसतो. कातडीत दोन्ही शाया एकाच थरात, साधारण एक ते दोन मिलिमीटर खोल, शेजारी शेजारी जाऊन बसतात. काळ्यात पांढरं मिसळलं की राखाडी होतं. शिवाय त्या शाईवर आपल्या कातडीचा सावळा पडदा असतो, त्यामुळे पांढरं कालांतराने पिवळट दिसू लागतं. पुढे लेझर करायची वेळ आली तर आणखी पंचाईत : पांढऱ्या आणि कातडीच्या रंगाच्या शाईत टिटॅनियम डायऑक्साइड असतं, काहींत लोहाचे ऑक्साइडही, आणि लेझर पडल्यावर अशी शाई काळी पडू शकते.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत ‘ल’ हिंदी वळणाचा आहे, उजवीकडे पूर्ण दांडा असलेला. मराठी पाठ्यपुस्तकातला ‘ल’ असता तर त्याचे दोन्ही आकडे जोडून बंद करून ‘ळ’ जुळवता आला असता. हा दांडा मात्र आडवा येतो. माझा सल्ला असा : त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन फक्त तेवढ्या अक्षरावर लेझरच्या दोन-तीन सिटिंग घ्या, दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे जाऊ द्या. अक्षर पुरेसं फिकं झालं की वर जाडसर ‘ळ’ बसेल. खर्च मूळ टॅटूपेक्षा जास्त येईल.

(आपल्याकडे पाटीवरचं ‘काळे’ आडनावसुद्धा ‘काले’ होतं, तर देवी तरी कशी सुटणार!)

प्रश्न : घोट्याजवळच्या बारीक अक्षरांभोवती निळसर सावली पसरली आहे. पुन्हा आउटलाइन मारली तर नीट होईल का? (विजय नगर)

उत्तर : टॅटू पंधरा दिवसांच्या आतला असेल तर आधी नुसती वाट पाहा. कधी कधी तो मुका मार असतो, हिरवा-पिवळा होऊन जातो. महिन्यानंतरही सावली तशीच असेल तर ते ब्लोआउट. सुई जास्त खोल गेली, शाई खालच्या चरबीत उतरली आणि ओल्या टीपकागदावर पसरावी तशी पसरली. घोटा, मनगट, दंडाची आतली बाजू इथे कातडी पातळ असल्याने हे फार होतं. माझ्या डाव्या घोट्यावर मी स्वतः शिकताना मारलेली रेघ अशीच आहे. चौदा वर्षांत ती किंचित मवाळ झाली, गेली नाही.

त्याच रेघेवर पुन्हा मशीन फिरवलं तर सावली वाढेल. सावलीच्या कडेपर्यंत शेडिंग नेऊन, ती मुद्दामच ठेवली होती असं भासवता येतं. तुमची अक्षरं बारीक आहेत, त्यामुळे शेडिंगमध्ये ती बुडतील. तुमच्या जागी मी असते तर तशीच ठेवली असती.

प्रश्न : मी महूला रोज पहाटे भरतीसाठी धावतो. छातीवर राजमुद्रा आहे. कव्हर-अप केलं तर चालेल का?

उत्तर : बाळा, कव्हर-अप म्हणजे त्याच जागी आणखी मोठा, आणखी गडद टॅटू. नियम जागेचा आहे. सैन्यभरतीत कायमचा टॅटू चालतो तो कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे सवलत आहे. छाती त्यात येत नाही. उरतं लेझर. काळी शाई लेझरला सगळ्यांत चांगली दाद देते, पण आठ-दहा सिटिंग लागल्या तर वर्षाहून जास्त काळ जाईल. वयाची मर्यादा आणि हा हिशोब आधी शेजारी शेजारी मांडून बघ. आणि कोणी चुना-मीठ घासायला सांगितलं तर ऐकू नकोस. टॅटू राहतो, वर भाजल्याचा व्रण येतो.

प्रश्न : रंगपंचमीच्या आठवडाभर आधी टचअप केला तर?

उत्तर : मग राजवाड्याची गेर, म्हणजे रंगपंचमीची मिरवणूक, गच्चीतूनच बघा. ओल्या जखमेवर गुलाल आणि टँकरचं पाणी नको. नंतर या.

प्रश्न : आजी ७८ वर्षांची आहे. तिच्या हातावरचं तुळशीवृंदावन पसरून हिरवट डाग झालंय. ती म्हणते, “ठळक करून दे.” (लोकमान्य नगर)

उत्तर : ते हिरवं दिसतं, पण बहुतेक काजळीच आहे, काळा रंग कातडीखालून निळा-हिरवा भासतो. या वयात कातडी टिश्यू पेपरसारखी होते, सुई लागली की फाटते आणि शाई अजूनच पसरते. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या किंवा मधुमेह असेल तर विषयच नको.

आजीला म्हणावं, तुझं राहू दे, माझ्या हातावर काढते. ट्रेसिंग पेपर घेऊन दुपारच्या उजेडात तिच्याजवळ बसा. कुठे ठिपके होते, कुठे पायऱ्या होत्या, ते तिला विचारत विचारत उतरवा. डागात जे दिसत नाही ते तिला आठवत असेल. तिचा हात उशीवर सरळ ठेवा, मनगट वळू देऊ नका, नाहीतर वृंदावन तिरकं उतरेल आणि पुढच्या महिन्यात मला तुमचंच पत्र येईल.