कोकणातील आदिवासी वाड्या-पाड्यांवर सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराविषयी जनजागृती गावकऱ्यांनी कशी करावी?

सर्वप्रथम वेळ साधावी लागते. रायगड आणि पालघरमधील अनेक कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. त्यामुळे हिवाळ्यात भरवलेल्या शिबिराला निम्मी वाडी ओस असते. १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन मात्र नेमका लोक घरी असताना येतो, अर्थात लावणीची गडबड सुरू होण्याआधी दिवस ठरवलेला बरा.

सांगायचे काय, हे त्याहून महत्त्वाचे आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, हे विळा रोज हाताळणाऱ्यांना चित्राशिवायही कळते. खरा घोळ ‘वाहक’ या शब्दाचा होतो. वाहक म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आजाराचा जनुक मिळालेली व्यक्ती; ती सहसा निरोगी असते, परंतु आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के आणि ते वाहक होण्याची ५० टक्के असते. ‘एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली’ असा हिशेब लोक करतात, तो चुकीचा आहे, हे आवर्जून सांगावे. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, आणि दोष एकट्या आईचा नसतो, हेही.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या व्यक्तींच्या तपासणीवर भर आहे. आशाताईंसोबत वाडीतीलच एखादा रुग्ण किंवा वाहक बोलला, तर माझ्या मते भित्तीपत्रकांपेक्षा अधिक परिणाम होतो. मात्र कोणाचाही अहवाल चारचौघांत वाचू नये, कारण त्यावरून मुलींची लग्ने मोडतात.